दारू सोडल्यानंतर पेशींतल्या डीएनएचे काय होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारू सुटल्यावर पहिले काही आठवडे शरीर सावरण्यातच जातात. झोप लागू लागते, हातांची थरथर थांबते, अन्नावरची वासना परत येते. आणि डोके थोडे मोकळे झाले की अनेकांच्या मनात एक निराळी भीती उभी राहते. इतकी वर्षे प्यायलो त्याने आत, जनुकांच्या पातळीवर, काय करून ठेवले असेल, आणि आता सोडून त्याचा काही उपयोग आहे का? व्यसनातून बाहेर पडत असलेल्या व्यक्ती आणि त्यांचे कुटुंबीय जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ही उत्तरे डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाहीत.

दारूमुळे डीएनएची हानी होते, म्हणजे नेमके काय होते?

कोणत्याही दारूतील मादक द्रव्य म्हणजे इथेनॉल. यकृतातील एक विकर (एन्झाइम) त्याचे रूपांतर ॲसिटाल्डिहाइड नावाच्या रसायनात करते आणि त्यानंतर एएलडीएच२ नावाचे दुसरे विकर या ॲसिटाल्डिहाइडचे निरुपद्रवी ॲसिटेट बनवते. खरा घात या दोन पायऱ्यांच्या मधल्या वेळात होतो. ॲसिटाल्डिहाइड अतिशय क्रियाशील असते. ते डीएनएच्या अक्षरांना, विशेषतः ग्वानिनला, जाऊन चिकटते आणि काही वेळा डीएनएचे दोन धागे एकमेकांना जखडून टाकते. पेशी विभागताना हे दोन धागे सुटे व्हावे लागतात. ते सुटले नाहीत तर गुणसूत्र तुटते, किंवा तुटलेले तुकडे चुकीच्या जागी जोडले जातात.

दुसरा मार्ग नियमित पिणाऱ्यांमध्ये अधिक महत्त्वाचा ठरतो. रोजच्या पिण्याने यकृतात सीवायपी२ई१ या विकराचे प्रमाण वाढते. तेही इथेनॉल तोडते, पण तोडताना ऑक्सिजनचे आक्रमक कण तयार करते आणि हे कण डीएनए, प्रथिने आणि पेशींची आवरणे यांवर हल्ला करतात. तिसरा मार्ग कुपोषणाचा आहे. दारू आतड्यातून होणारे फोलेट या जीवनसत्त्वाचे शोषण कमी करते. डीएनएचे थायमिन हे अक्षर तयार होण्यासाठी फोलेट आवश्यक असते. ते कमी पडले की त्या जागी युरॅसिल हे भलतेच अक्षर बसते आणि ते काढून टाकण्याच्या खटाटोपात डीएनएचे धागे तुटत राहतात. जो माणूस जेवणाऐवजी दारूवरच दिवस काढतो, त्याच्या शरीरात हे तिन्ही मार्ग एकाच वेळी चालू असतात.

तोंड आणि घसा यांचे दुखणे आणखी वेगळे आहे. तोंडातील जिवाणूसुद्धा इथेनॉलपासून ॲसिटाल्डिहाइड बनवतात आणि तेथील पेशींकडे ते निकामी करण्याची क्षमता तोकडी असते. त्यामुळे लाळेत त्याचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त होते.

हे माणसांमध्ये सिद्ध झाले आहे, की केवळ प्रयोगशाळेतील अंदाज आहे?

सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील, फ्रान्समधील ल्योन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेयांना १९८८ मध्येच कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या, म्हणजे निःसंशय पुरावा असलेल्या गटात टाकले. २००९ च्या फेरआढाव्यात मद्यपानातून शरीरात येणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडचाही त्याच गटात समावेश झाला. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन या अवयवांच्या कर्करोगांशी दारूचा संबंध पक्का झालेला आहे. २०२० या एका वर्षात जगभरात कर्करोगाचे सुमारे ७ लाख ४१ हजार नवे रुग्ण दारूमुळे झाले असावेत, म्हणजे त्या वर्षीच्या एकूण नव्या रुग्णांपैकी सुमारे ४ टक्के, असा अंदाज 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक पुरुष होते.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये धूम्रपान न करणाऱ्या १० निरोगी स्वयंसेवकांना मोजून मद्य दिले आणि त्यांच्या तोंडातील पेशी तपासल्या. ॲसिटाल्डिहाइड चिकटलेल्या डीएनएचे प्रमाण काही तासांतच १०० पटींपर्यंत वाढलेले आढळले. केंब्रिजमधील केतन पटेल यांच्या गटाने २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की अल्कोहोल आणि ॲसिटाल्डिहाइडसारखी ॲल्डिहाइडे रक्त निर्माण करणाऱ्या मूळ पेशींची गुणसूत्रे मोडतात आणि त्या पेशींमध्ये उत्परिवर्तने, म्हणजे डीएनएच्या मजकुरात कायमचे बदल, घडवतात. ज्या उंदरांमध्ये एएलडीएच२ हे विकर नव्हते, त्यांच्यात अल्कोहोलच्या एकाच मात्रेने डीएनएची हानी चौपट झाली.

डीएनएची हानी आणि उत्परिवर्तन या एकच गोष्टी आहेत का?

नाहीत, आणि व्यसनमुक्तीच्या वाटेवरील प्रत्येकाने हा फरक समजून घ्यावा, कारण आशा आणि सावधगिरी या दोन्हींचे कारण त्यातच आहे.

हानी म्हणजे डीएनएवर झालेली जखम: चिकटलेले रसायन, तुटलेला धागा, जखडलेली जोडी. आपल्या प्रत्येक पेशीत अशा हजारो जखमा रोज होत असतात, दारूला कधी स्पर्शही न केलेल्या माणसातसुद्धा. त्या दुरुस्त करणाऱ्या यंत्रणा पेशींमध्ये अखंड चालू असतात. त्यांचा उलगडा करण्यासाठी थॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दारूमुळे जखडलेले धागे सोडवण्याचे दोन वेगवेगळे मार्ग पेशीकडे असल्याचे केंब्रिज आणि नेदरलँड्समधील उट्रेख्त येथील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले.

उत्परिवर्तन म्हणजे दुरुस्ती होण्यापूर्वीच पेशी विभागली गेल्याने, किंवा दुरुस्ती चुकल्याने, डीएनएच्या मजकुरात कायमचा झालेला बदल. तो बदल नव्या पेशींमध्ये जसाच्या तसा उतरतो आणि पेशीला तो चुकीचा आहे हे ओळखता येत नाही. थोडक्यात, जखम भरून येऊ शकते; बदललेला मजकूर मात्र पूर्ववत होत नाही. दारू सोडण्याचा सर्वांत मोठा लाभ हा, की नव्या जखमांचा ओघ थांबतो आणि त्यामुळे नवा चुकीचा मजकूर लिहिला जाण्याची संधी कमी होते.

दारू सोडल्यावर हानी भरून यायला किती काळ लागतो?

एक आकडा सांगता येत नाही, कारण प्रत्येक ऊतीचे आयुष्य निराळे आहे.

मिनेसोटातील प्रयोगात तोंडाच्या पेशींतील वाढलेली हानी साधारण एका दिवसात खाली आली. आतड्याच्या आतील अस्तर सुमारे ३ ते ५ दिवसांत बदलते, तर गालाच्या आतील अस्तराला दोन-तीन आठवडे लागतात. जुन्या, जखमी पेशी गळून पडतात आणि खालून नव्या येतात. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे, दारूने वाढलेला त्यांचा आकार तीन-चार महिन्यांत पूर्ववत होताना रक्ताच्या साध्या तपासणीत दिसतो. रक्ततपासणीच्या कागदावर एमसीव्ही या नावाने तो छापलेला असतो. अनेकांना आपल्या सुधारणेचा हा पहिला लेखी पुरावा वाटतो, आणि तो तसा आहेच.

पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट्सची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांतील काही महिनोन्महिने, काही वर्षानुवर्षे जगतात. जनुकीय हानीवरील बहुतेक अभ्यास याच पेशींवर झालेले आहेत: गुणसूत्रांची मोडतोड मोजणे, पेशीत मागे राहिलेली सूक्ष्मकेंद्रके, म्हणजे गुणसूत्रांचे सुटे तुकडे, मोजणे, किंवा विद्युतप्रवाहात तुटलेल्या डीएनएची धूमकेतूसारखी शेपटी किती लांब पडते ते पाहणे. जे अजून पीत आहेत त्यांच्यात ही हानी जास्त असते, याबाबत अभ्यासांमध्ये मोठे एकमत आहे. सोडलेल्यांबाबत मात्र निष्कर्ष विभागलेले आहेत. काही गटांना दीर्घकाळ दारूपासून दूर राहिलेल्यांची पातळी कधीच न पिणाऱ्यांच्या जवळ आलेली दिसली, तर काहींना ती अजून वरच दिसली. या फरकाची कारणे समजण्यासारखी आहेत. सोडून तीन महिने झालेला आणि दहा वर्षे झालेला माणूस एकाच गटात मोजला गेला, त्यांच्यातील निम्म्यांची तंबाखू चालूच राहिली, वये वेगवेगळी होती, तर उत्तर एकसारखे येणार नाही. आमच्या मते या अभ्यासांतून काढण्याजोगा प्रामाणिक अर्थ असा, की सुधारणा होते, पण ती सर्व पेशींमध्ये एकाच वेगाने होत नाही, आणि तिचा पाठपुरावा महिन्यांत नव्हे तर वर्षांत मोजावा लागतो.

कर्करोगाच्या धोक्याबाबतचे चित्रही असेच आहे. दारू कमी केल्याने किंवा सोडल्याने तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, याचा पुरेसा पुरावा असल्याचे ल्योनच्या त्याच संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केले. हा धोका हळूहळू उतरतो. तोंड-घशाच्या कर्करोगांच्या बाबतीत तो न पिणाऱ्यांच्या जवळ येण्यास वीसेक वर्षे लागू शकतात. हा आकडा ऐकून हताश होण्याचे कारण नाही. धोका विसाव्या वर्षी एकदम खाली येत नाही, त्याआधीच्या वर्षांतही तो कमी होत गेलेला असतो.

ओळखीच्या एकाने दारू सोडली आणि सहा महिन्यांत त्याला कर्करोग निघाला. सोडल्यामुळेच शरीर बिघडले, असे लोक म्हणतात. ते खरे आहे का?

खरे नाही, आणि ही समजूत फार घातक आहे. 'शरीराला सवय होती, ती मोडली म्हणून तो आजारी पडला' हे वाक्य गावोगावी ऐकू येते आणि त्याच्या आधाराने किती तरी जण पुन्हा प्यायला बसतात. कर्करोग वाढायला वर्षे लागतात. सहा महिन्यांत निघालेला आजार त्या माणसाच्या शरीरात पिण्याच्या काळातच मूळ धरून होता. अनेकदा क्रम नेमका उलटा असतो. घास अडकू लागतो, वजन घटते, अंगात त्राण राहत नाही, आणि म्हणून माणूस दारू सोडतो. आजाराचे नाव नंतर कळते. याच कारणामुळे काही पाहण्यांमध्ये नुकतीच दारू सोडलेल्यांचा धोका पिणाऱ्यांपेक्षाही जास्त दिसतो, आणि तो वाचताना हा क्रम लक्षात ठेवावा लागतो.

मग शरीरात कायमचे काय राहते?

वर सांगितल्याप्रमाणे, मूळ पेशींमध्ये झालेली उत्परिवर्तने राहतात. जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले, की वय वाढते तसे अन्ननलिकेच्या वरकरणी निरोगी अस्तरातसुद्धा उत्परिवर्तित पेशींचे पट्टे पसरत जातात, आणि भरपूर दारू व धूम्रपान यांमुळे हे पसरणे वेग घेते. अन्ननलिकेच्या आणि यकृताच्या कर्करोगाच्या गाठींमध्ये दारूशी निगडित असा उत्परिवर्तनांचा एक विशिष्ट ठसाही सापडतो. तथापि, एका उत्परिवर्तनाने कर्करोग होत नाही. एकाच पेशीत अनेक नेमके बदल साचावे लागतात, आणि पुढचे बदल टाळणे हे दारू सोडणाऱ्याच्या हातात असते.

गुणसूत्रांच्या टोकांवरील टेलोमिअर या भागाबद्दलही हल्ली विचारले जाते. वयानुसार ही टोके आखूड होत जातात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ब्रिटनमधील सुमारे २ लाख ४५ हजार लोकांच्या माहितीवरून जास्त मद्यपान आणि आखूड टेलोमिअर यांचा संबंध मांडला. डीएनएवर बसणाऱ्या, जनुके चालू-बंद करणाऱ्या मिथाइलच्या खुणांमध्येही दारूमुळे बदल होतात. हे बदल मात्र मजकुरातले नसल्यामुळे, त्यांतील काही दारू थांबल्यावर मागे फिरताना दिसतात.

माझा डीएनए किती खराब झाला आहे हे कळण्यासाठी एखादी तपासणी करून घ्यावी का?

नाही. वर उल्लेखलेल्या पद्धती माणसांच्या गटांची तुलना करण्यासाठी वापरल्या जातात. एका व्यक्तीचा आकडा वय, तंबाखू, नुकताच झालेला ताप, व्यवसायातील रसायने अशा अनेक गोष्टींनी बदलतो आणि त्यावरून उपचार ठरत नाहीत. घरबसल्या लाळेचा नमुना पाठवून होणाऱ्या जनुकीय चाचण्या तर वारशाने आलेली जनुके वाचतात. दारूने झालेली हानी त्या मोजतच नाहीत.

मी फक्त बिअर किंवा वाइन घेत होतो. मला हे लागू आहे का?

लागू आहे. पेशीपर्यंत पोहोचते ते इथेनॉल. बाटलीवरील नावाने त्यात फरक पडत नाही. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्कीच्या किंवा रमच्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम इथेनॉल असते. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम. म्हणजे अशा दोन बाटल्या पिणाऱ्याने क्वार्टरवाल्यापेक्षा जास्तच घेतलेले असते.

माझ्या मुलांमध्ये ही हानी उतरेल का?

आईवडिलांना सर्वांत जास्त छळणारा हा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो. यकृत, अन्ननलिका, रक्त यांच्या पेशींमध्ये झालेले बदल त्या माणसाबरोबरच संपतात. मुलांकडे जातो तो फक्त शुक्रपेशी आणि अंडपेशी यांतील डीएनए. तुमची मुले दारू सोडण्यापूर्वी जन्मलेली असतील, तर तुमच्या यकृताची अवस्था त्यांच्या जनुकांत आलेली नाही.

पुढे मूल हवे असेल तर पुरुषांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. अतिमद्यपानाने शुक्रपेशींची संख्या, हालचाल आणि घडण बिघडते, परंतु शुक्रपेशी सतत नव्याने तयार होत असतात आणि एका आवर्तनाला सुमारे ७४ दिवस लागतात. त्यामुळे मूल होण्याचा विचार करण्यापूर्वी किमान तीन महिने दारूपासून पूर्ण दूर राहणे हा व्यवहार्य सल्ला आहे. स्त्रियांच्या बाबतीत गर्भावस्थेतील दारू ही वेगळी आणि गंभीर बाब आहे. ती थेट नाळेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि मुलाच्या मेंदूच्या वाढीवर आयुष्यभराचा परिणाम करू शकते. गर्भावस्थेत दारूची कोणतीही मात्रा सुरक्षित मानलेली नाही. गर्भ राहण्यापूर्वीच दारू सोडलेल्या स्त्रीच्या बाळाला मात्र ही झळ पोहोचत नाही, हे तिला आणि तिच्या सासरच्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण दोष देण्याची घाई तेथेच सर्वांत जास्त होते.

मुलांकडे जे जाते ते दुसरेच: व्यसनाकडे झुकण्याची प्रवृत्ती. जुळ्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांवरून मद्यासक्तीच्या धोक्यात वारशाचा वाटा साधारण निम्मा असल्याचे दिसते. या धोक्यामागे अनेक जनुके थोडाथोडा हातभार लावतात. 'दारुड्याचे जनुक' असे एकच काही नाही. उरलेला निम्मा वाटा घर, मित्र, मनावरचे घाव, दारूची सहज उपलब्धता यांचा आहे. मुले कळत्या वयाची झाली की आपल्या घराण्यातील हा धोका त्यांना मोकळेपणाने सांगावा; लपवल्याने तो कमी होत नाही.

दारू सुटली, पण तंबाखू चालू आहे. एकेक करून सोडले तर चालेल ना?

अनेकांची अशी समजूत असते की दारू सोडण्याच्या काळात तंबाखूचा तेवढा आधार असू द्यावा. व्यसनमुक्तीच्या काळात बिडी, मिश्री, मळलेली तंबाखू, विदर्भात खर्रा, यांचे प्रमाण वाढतेसुद्धा. जनुकीय हानीचा विचार करता हा मोठा तोटा आहे. तंबाखूतील नायट्रोसअमाइन्स ही रसायने स्वतः डीएनएला चिकटतात. दारू तोंडाच्या अस्तरातून त्यांना आत शिरायला मदत करते, आणि दारूने वाढवलेले सीवायपी२ई१ हे विकर त्यांतील काहींना अधिक विषारी रूप देते. म्हणून दोन्ही घेणाऱ्याचा तोंड-घशाच्या कर्करोगाचा धोका दोन धोक्यांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त असतो. सुपारीही, तंबाखूशिवाय असली तरी, कर्करोगकारकांच्या पहिल्याच गटात आहे.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते आणि त्यांतील बहुतेक जण ती धूर न काढता, तोंडात धरून वापरत होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू आणि सुपारी वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन एकत्र मळण्याला ती आडवी येत नाही. ज्या तोंडाने वर्षानुवर्षे दारू आणि तंबाखू दोन्ही सोसले, त्याला दुरुस्तीची खरी संधी दोन्ही सुटल्यावरच मिळते.

तंबाखूही सोडायला गेलो तर पुन्हा दारूकडे वळू, ही भीती अनेकांना असते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात याच्या उलट आढळले: व्यसनमुक्तीच्या उपचारांबरोबरच धूम्रपान सोडण्यासाठीही मदत मिळालेल्यांचे दीर्घकाळ व्यसनमुक्त राहण्याचे प्रमाण २५ टक्क्यांनी अधिक होते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे.

डीएनए लवकर दुरुस्त होण्यासाठी कोणते औषध, व्हिटॅमिनची गोळी किंवा 'डिटॉक्स' घ्यावे?

डीएनए दुरुस्त करणारे औषध बाजारात नाही. शरीराला लागणारा कच्चा माल मात्र पुरवता येतो. फोलेटसाठी पालक, मेथी, चवळी, हरभरे, मूग, शेंगदाणे हे आपल्या स्वयंपाकघरातलेच पदार्थ उत्तम आहेत. कमतरता जास्त असेल तर डॉक्टर गोळ्या देतात. जीवनसत्त्व ब१ चा विषय वेगळा आणि तातडीचा आहे: दीर्घकाळ पिणाऱ्यांमध्ये त्याची कमतरता मेंदूला कायमची इजा करू शकते, म्हणून उपचारांच्या सुरुवातीलाच ते दिले जाते.

अँटिऑक्सिडंटच्या महागड्या गोळ्यांबाबत मात्र आमचे मत स्पष्ट आहे: त्या घेऊ नयेत. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटने फुफ्फुसाचा कर्करोग टळेल अशी आशा होती, प्रत्यक्षात तो वाढला, आणि जास्त दारू पिणाऱ्यांमध्ये हा दुष्परिणाम अधिक ठळक होता. अमेरिकेतील अशीच चाचणी १९९६ मध्ये याच कारणाने मुदतीपूर्वी थांबवावी लागली. गाजर, पपई, आंबा खाण्याने असा धोका नाही. तो जास्त मात्रेच्या गोळ्यांचा आहे. यकृत साफ करण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अनामिक काढ्यांनी आधीच दुखावलेल्या यकृताला आणखी इजा होऊ शकते.

स्मरणशक्ती कमी झाली आहे. तीही डीएनएच्या हानीमुळेच का?

मुख्यतः नाही. ब१ ची कमतरता, दारूचा मेंदूवरील थेट परिणाम, पडून झालेल्या डोक्याच्या इजा आणि झोपेचा बिघाड ही अधिक मोठी कारणे आहेत, आणि त्यांतील काही उपचारांनी सुधारतात. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांना किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

डायसल्फिरॅमची गोळी चालू आहे. तिचा डीएनएशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो नीट समजून घ्यावा. कोपनहेगनमधील संशोधकांनी १९४८ मध्ये मद्यासक्तीसाठी पुढे आणलेले हे औषध ॲसिटाल्डिहाइड निकामी करणाऱ्या विकरालाच अडवते. त्यामुळे गोळी चालू असताना दारू घेतली तर ॲसिटाल्डिहाइड साचते, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. प्रसंगी जीवही जाऊ शकतो. जे रसायन डीएनएला सर्वांत जास्त जखमी करते, तेच अशा वेळी शरीरात नेहमीपेक्षा अधिक काळ फिरत राहते. दारू घेतलीच नाही, तर हे काहीच घडत नाही, आणि म्हणून स्वतःच्या निश्चयाने घेणाऱ्यांना ही गोळी मोठा आधार देते.

रुग्णाच्या नकळत ही गोळी भाजीत किंवा चहात मिसळण्याचा प्रकार मात्र कृपया कोणीही करू नये. त्यामागची घरच्यांची अगतिकता आम्ही समजू शकतो, पण ज्याला माहीतच नाही तो पिणार, आणि त्याचा परिणाम अतिदक्षता विभागात दिसणार. गोळी बंद केल्यावरही तिचा प्रभाव दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ती घेणाऱ्यांनी खोकल्याची काही औषधे आणि द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारखी आसवे-अरिष्टे टाळावीत, कारण त्यांत अल्कोहोल असते.

एकदा घसरलो, तर आजवरची सगळी दुरुस्ती वाया गेली का?

नाही. एका दिवसाच्या पिण्याने त्या दिवसापुरत्या नव्या जखमा होतात. मधल्या महिन्यांत बदललेले अस्तर, भरून आलेले धागे, टळलेली उत्परिवर्तने यांतील काहीही त्यामुळे पुसले जात नाही. 'आता सगळे गेलेच' या विचाराने पुढचे पंधरा दिवस पीत राहणे हेच खरे नुकसान आहे. दुसरा धोका असा, की मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वीची मात्रा आता जीवघेणी ठरू शकते. त्याच दिवशी आपल्या समुपदेशकाला किंवा गटातील सहकाऱ्याला फोन करावा.

मग कोणत्या तपासण्या खरोखर उपयोगी आहेत?

महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात आरशासमोर तोंड उघडून गालांच्या आतील बाजू, जीभ, जिभेखालचा भाग आणि हिरड्या पाहाव्यात. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, बसलेला आवाज, गिळताना घास अडकणे, मानेतील गाठ, शौचातून रक्त, यांपैकी काहीही असेल तर थांबू नये. तिशीपुढील सर्वांसाठी तोंडाच्या आणि स्त्रियांसाठी स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरांत मोफत होते. तेथे दारू आणि तंबाखूचा पूर्वेतिहास संकोच न करता सांगावा.

यकृतासाठी रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि डॉक्टरांनी सुचवल्यास यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी करावी. सिरोसिस झालेला असेल, तर दारू सोडून कितीही वर्षे झाली असली तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आवश्यक आहे; लवकर सापडलेल्या यकृताच्या कर्करोगावर उपचार शक्य असतात. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी आणि बी ची लस हेही विसरू नये.

घरातील माणूस अजून पीत आहे. त्याला हे सगळे सांगून भीती घालावी का?

केवळ भीतीने दारू सुटत नाही. घाबरलेला माणूस बहुतेक वेळा आणखी पितो. सांगायचेच असेल तर दुसरी बाजू सांगावी, की थांबल्यावर शरीर त्याच दिवसापासून दुरुस्तीला लागते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याला घरच्या घरी एका रात्रीत दारू बंद करायला लावू नये. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, प्रचंड थरथर, ताप असा प्राणघातक प्रकार उद्भवू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे दिल्यास हे टाळता येते. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर-मदत गटाच्या मराठीतून चालणाऱ्या सभा राज्यातील अनेक शहरांत होतात. जवळचे केंद्र ठाऊक नसेल तर केंद्र सरकारच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे. मानसिक आधारासाठी टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. झटका आला, शुद्ध हरपली किंवा रक्ताची उलटी झाली, तर १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.